शेजारच्या मुन्शीजींचा शब्द
(महात्मा जोतीराव फुले यांचे जीवन : एक वेगळी बाजू)

महात्मा जोतीराव फुले हे नाव ज्याच्या कानांवरून गेले नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधूनही सापडावयाचा नाही. दर वर्षी ११ एप्रिलला त्यांची जयंती आपण शाळाशाळांतून साजरी करतो. मुलींची शाळा, पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज ही तीन नावे मुले भाषणात घडाघडा म्हणतात आणि खाली बसतात. परंतु हा जोतीराव एकदा शाळेतून काढला गेला होता, तीन वर्षे मळ्यात खुरपे धरून राबत होता, आणि शेजारच्या एका वृद्ध मुसलमान शिक्षकाने शब्द टाकला नसता तर कदाचित जन्मभर तेथेच राहिला असता, ही गोष्ट भाषणात फारशी येत नाही. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत तरी ती यावी असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर फुलांचा व्यवसाय केला, पेशव्यांकडे फुले पुरविली, आणि लोक त्यांस फुले म्हणू लागले. जोतीरावांचे वडील गोविंदराव यांचे फुलांचे व भाजीचे दुकान होते, मळा होता. माणूस सरळ, कष्टाळू, देवभोळा आणि लोकांना भिऊन वागणारा. १८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई वारल्या. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. त्यांच्या नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने ह्या पोरक्या मुलाला आपल्या पदराखाली घेतले. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत. तेथे त्यांच्या कानांवर चार इंग्रजी शब्द पडले होते आणि शिकलेल्या घराची रीत त्यांनी पाहिली होती. आपला जोती शिकावा ही इच्छा पहिल्यांदा त्यांच्या मनात उगवली. आई नसलेल्या मुलाला माया पुष्कळजण लावतात. सगुणाबाईंनी मायेबरोबर त्याच्यासाठी एक स्वप्नही पाहिले, हा त्यांचा मोठेपणा.

सातव्या वर्षी जोती पंतोजींच्या मराठी शाळेत जाऊ लागला. चार वर्षांत वाचन, लेखन, हिशेब उत्तम येऊ लागले. आणि येथेच पहिली आडकाठी आली. गोविंदरावांच्या दुकानात एक कारकून होता. माळ्याच्या पोराने अक्षरे गिरवून काय करावयाचे, शिकलेला मुलगा ना शेतीचा ना दुकानाचा, उलट हातचा जाईल, असे त्याने मालकाच्या मनात भरवून दिले. गोविंदरावांना ते पटले. शाळेच्या पाटीऐवजी जोतीच्या हातात खुरपे आले.

येथे गोविंदरावांना दोष देणे सोपे आहे. मी स्वतः तो देत नाही. त्या काळी शिकून काय मिळते हे दाखविणारा एकही माणूस त्यांच्या जातीत, त्यांच्या आळीत नव्हता. जे कधी पाहिले नाही त्याच्यावर कोणता बाप मुलाचे आयुष्य लावील? मळा डोळ्यांपुढे होता. त्यातली भाजी विकली की संध्याकाळी पैसे हातात पडत. आजही आमच्या शेलू-नेरळच्या बाजूला आठवी-नववीतला मुलगा शाळेत दिसेनासा होतो तेव्हा त्याचे वडील हाच हिशेब सांगतात. मुलगा एखाद्या गॅरेजमध्ये लागलेला असतो, नाहीतर दुकानावर बसविलेला असतो. मुलीच्या बाबतीत तर पुष्कळदा हिशेबही सांगत नाहीत, नुसते पुरे झाले म्हणतात. गोविंदराव वाईट बाप नव्हते. मुलाला उपाशी पडू नये एवढीच त्यांची दृष्टी पोचत होती.

१८४० मध्ये तेरा वर्षांच्या जोतीचे लग्नही झाले. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची नऊ वर्षांची सावित्री घरात सून म्हणून आली. आता तर संसारच लागला. शाळेचे नाव घराने टाकून दिले. मुलाने मात्र टाकले नव्हते. दिवसभर मळ्यात राबावे आणि रात्री दिव्याच्या उजेडात मिळेल ते पुस्तक घेऊन बसावे असा त्याचा क्रम चालू राहिला. हे दोघा शेजाऱ्यांनी पाहिले. एक होते मुन्शी गफ्फार बेग, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे इंग्रज साहेब. ह्या मुलाशी बोलावे, त्याला काही विचारावे, त्याची उत्तरे ऐकावीत, असे दोघांचेही चाले. त्याची समज पाहून दोघेही थक्क होत.

शेवटी मुन्शीजी गोविंदरावांकडे गेले. मुलगा असामान्य बुद्धीचा आहे, त्याला मळ्यात अडकवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होईल, त्याला पुन्हा शाळेत घाला, असे त्यांनी समजावून सांगितले. लिजिट साहेबांनीही तेच सांगितले. गोविंदरावांच्या मनात मुन्शीजींविषयी आदर होता. कारकुनाच्या शब्दाने मिटलेले दार मुन्शीजींच्या शब्दाने उघडले. १८४१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोती पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाला.

हे वय लक्षात घ्यावे. सहा ते चौदा ह्या वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा आपल्याकडे २००९ साली झाला. त्या कायद्याचा हात ज्या वयाला सुटतो, त्या वयाला जोतीरावांचे खरे शिक्षण सुरू झाले. तीन वर्षे मागे पडलेला, लग्न झालेला, हातांना घट्टे पडलेला मुलगा आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी जाऊन बसला. अशा मुलाला कायद्यापेक्षाही एखाद्या वडीलधाऱ्याचा आधार लागतो. अजून वेळ गेलेली नाही, तू मागे पडलेला नाहीस, एवढे कोणीतरी विश्वासाने सांगावे लागते. मुलांना शिकविताना मला तर असे वाटू लागले आहे की गणिताच्या सूत्रांइतकेच हेही आमच्या कामाचे अंग आहे.

मुन्शीजींच्या शब्दाविषयी आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते स्वतः फारसीचे शिक्षक. फारसी म्हणजे शतकानुशतके दरबाराची आणि दफ्तराची भाषा. आपल्या मराठीतील कारकून, फडणीस, चिटणीस, दफ्तर, अर्ज हे सारे शब्द त्या भाषेचे देणे. परंतु तिचे दिवस फिरले होते. १८३७ साली कंपनी सरकारने न्यायालये व महसुलाच्या कामातून फारसी उठविण्याचा कायदा केला. हिंदुस्थानभर मुन्शी लोकांच्या विद्येचा भाव उतरू लागला होता. अशा वेळी एखाद्याने नव्या विद्येवर राग धरला असता तर नवल नव्हते. पुष्कळांनी तो धरलाही. आपल्या समाजाला नव्या शिक्षणाकडे वळविण्यासाठी पुढे बद्रुद्दीन तय्यबजींना १८७४ मध्ये मुंबईस अंजुमन-इ-इस्लाम उभी करावी लागली, सर सय्यद अहमद खान यांना १८७५ मध्ये अलीगडला शाळा काढावी लागली, आणि दोघांनाही आपल्याच माणसांचे बोल ऐकावे लागले. त्याच्याही तीस-पस्तीस वर्षे आधी पुण्याच्या एका फारसीच्या मुन्शीने शेजारच्या हिंदू माळ्याचा मुलगा ख्रिस्ती मिशनच्या इंग्रजी शाळेत जावा म्हणून रदबदली केली. त्यात त्याचा कोणता लाभ होता? ना मुलगा त्याच्या धर्माचा, ना शाळा, ना भाषा. मुलगा हुशार आहे, एवढेच त्याने पाहिले.

मिशनच्या शाळेत जोतीरावांस सदाशिव बल्लाळ गोवंडे व मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे जिवाभावाचे मित्र मिळाले. लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात शरीर कमावले. टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचनात आले. १८४७ मध्ये इंग्रजी शिक्षण पुरे झाले, तेव्हा मळ्यातला जोती नुसता साक्षर झालेला नव्हता, तर प्रश्न विचारणारा झाला होता.

आणि प्रश्न पडावा असा प्रसंग पुढच्याच वर्षी आला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाचे आमंत्रण आले म्हणून जोतीराव वरातीत गेले. वरातीतील कोणी त्यांस ओळखले आणि शूद्राने आमच्या बरोबरीने चालावे काय म्हणून भर रस्त्यात अपमान करून बाजूला काढले. एकवीस वर्षांचा तरुण डोळ्यांत पाणी घेऊन घरी आला. वडिलांना त्याने सारे सांगितले. गोविंदरावांनी त्याची समजूत घातली. नुसत्या बोलण्यावर भागले हे नशीब समज, पेशवाईत असतो तर भयंकर शिक्षा झाली असती, जे चालत आले आहे ते मुकाट्याने पाळावे, अशा अर्थाचे ते बोलले.

हे सांत्वनच होते. बापाच्या पोटातील कळवळ्यातूनच ते आले होते. परंतु मुन्शीजींचे शब्द आणि हे शब्द यांत केवढे अंतर आहे ते पाहावे. दोघेही वडीलधारे, दोघांचाही मुलावर जीव. एकाने मुलाचे बळ ओळखून त्याला पुढे ढकलले. दुसऱ्याने मुलाचे भय शांत करावे म्हणून त्याला आहे तेथेच बसावयास सांगितले. आपण पालक आणि शिक्षक दिवसातून कितीदा तरी ह्या दुसऱ्या प्रकारची समजूत घालतो, आणि मुलाला धीर दिला असे समजतो! जोतीरावांनी वडिलांचे ऐकून घेतले. मनाचे समाधान मात्र झाले नाही. आपल्याला हा अपमान कळला तो शिक्षणामुळे, आणि ज्यांना तो कळतही नाही त्यांना तो कळावा ह्यासाठीही शिक्षणच हवे, ह्या निर्णयाला ते आले. मित्र गोवंडे यांच्यासह अहमदनगरला जाऊन त्यांनी मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ सालीच पुण्यात बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा काढली.

शिकवावयाला कोणी मिळेना. घरातच सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकविले होते, त्या शिक्षिका झाल्या. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यात शेण पडे, चिखल पडे. सावित्रीबाई एक लुगडे नेसून निघत आणि शाळेत गेल्यावर दुसरे नेसत. त्या दिवसांत त्यांना रोज घराबाहेर पडण्याचे बळ देणारा मनुष्य घरातच होता. ज्याला एकदा धीराचा शब्द मिळाला होता, तो आता तोच शब्द दुसऱ्याला देत होता. मुन्शीजींनी लावलेल्या दिव्यावर पुढे किती दिवे लागले याची मोजदाद करावयाची झाली तर ती सावित्रीबाईंपासून करावी लागेल.

लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणले. शाळा सोड नाहीतर घर सोड, असे त्यांना मुलाला सांगावे लागले. जोतीरावांनी १८४९ मध्ये घर सोडले. नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडलेल्या ह्या जोडप्याला उस्मान शेख यांनी आसरा दिल्याचे चरित्रकार सांगतात. पुन्हा एक मुसलमान शेजारी! उस्मान शेख यांच्या घरातील फातिमाबी सावित्रीबाईंच्या शिक्षणकार्यातील सोबतीण मानल्या जातात. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण केली आहे. आपल्या मागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, तरी ती कुरकुर करावयाची नाही, असा भरवसा त्यांनी व्यक्त केला आहे. आपल्या मुलींच्या शाळेतल्या भिंतीवर सावित्रीबाईंच्या शेजारी फातिमाबींचे नाव लिहिलेले असावे, असे मला वाटते.

कामाचा विस्तार झपाट्याने झाला. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतील चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी आठ मुली होत्या. नंतर त्या अठ्ठेचाळीस झाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. १८५५ मध्ये पती-पत्नींनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालविली. दिवसभर राबून रात्री शिकणे म्हणजे काय ते जोतीरावांना कोणी सांगावयास नको होते. त्याच वर्षी मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मातंग समाजातील विद्यार्थिनीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. चौदा वर्षांचीच ती. जोती ज्या वयात शाळेत परतला, त्या वयात त्याची विद्यार्थिनी समाजाला जाब विचारू लागली होती.

जोतीरावांचे शब्द किती जणांना उपयोगी पडले त्याच्या दोन हकिगती सांगण्याजोग्या आहेत. त्यांना ठार मारण्यासाठी एकदा दोघेजण रात्री घरात शिरले. पैशांसाठी आपण हे करीत आहोत असे त्यांनी कबूल केले, तेव्हा जोतीरावांनी त्यांची चौकशी केली आणि आपल्या मरणाने गरिबांचे भले होत असेल तर होऊ द्या अशा भावाने मान पुढे केली. मारेकरी पायांवर पडले. त्यांतील एक, रोडे, त्यांचा अंगरक्षक झाला. दुसरा, धोंडीराम कुंभार, रात्रीच्या शाळेत शिकला आणि पुढे सत्यशोधक चळवळीचा कार्यकर्ता झाला.

दुसरी हकिगत काशीबाईची. फसवली गेलेली ही विधवा ब्राह्मण बाई जीव देण्याच्या विचारात असताना जोतीरावांनी तिची समजूत घालून तिला घरी आणले. अशा स्त्रियांसाठी त्यांनी १८६३ मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८७४ मध्ये तिला मुलगा झाला. फुले दांपत्याला मूल नव्हते, त्यांनी तो मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो शिकला आणि डॉक्टर झाला.

बाकीचे कार्य थोडक्यात सांगतो, कारण पाठ्यपुस्तकांत ते येतेच. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले ते प्रत्येक शिक्षकाने मुळातून वाचावे असे आहे. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो तो रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, खेड्यातल्या शिक्षकाला शेतीचीही माहिती असावी आणि त्याला पोटापुरता पगार मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाच्या पगाराचा आकडा सरकारपुढे मांडणारा समाजसुधारक विरळाच!

मुंबईच्या गिरणी कामगारांशी आणि त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याशी जोतीरावांचा निकटचा संबंध होता. ११ मे १८८८ रोजी मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांनी लोकांच्या वतीने त्यांस महात्मा ही पदवी दिली. बोरघाटातून आगगाडी १८६३ पासून सुरू झाली होती. पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी घाट उतरून कर्जत-नेरळवरूनच पुढे जाई. म्हणजे आमच्या शेलूच्या माळावरूनच तो मार्ग. उल्हास नदीकाठची ही भातशेती आणि त्यात वाकलेली माणसे पाहिली की 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाची मला आठवण होते.

सत्कारानंतर दोन-तीन महिन्यांत, जुलै १८८८ मध्ये, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. लिहिता हातच निकामी झाला. तेव्हा साठी ओलांडलेल्या ह्या माणसाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पुरे केले. पंतोजींच्या शाळेत एकदा, मिशनच्या शाळेत एकदा, आणि आता तिसऱ्यांदा त्यांनी जणू अक्षरे गिरविली. ह्या पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाचे चित्र रंगविले आहे. त्यातील आई बौद्ध होईल, वडील ख्रिस्ती होतील, मुलगी इस्लाम स्वीकारील, मुलगा सत्यधर्मी होईल, आणि तरीही कोणी कोणाचा द्वेष न करता सारी एका घरात मायेने नांदतील. पैगंबर साहेबांच्या जीवनावरही जोतीरावांनी 'मानव महंमद' ह्या नावाची कविता रचली आणि त्यांच्या समतेच्या शिकवणुकीचा गौरव केला. इस्लामविषयी इतक्या आपुलकीने मराठीत लिहिणारे त्या काळी फार थोडे होते. हा आदर काही पुस्तके वाचूनच उपजला असेल असे मला वाटत नाही. ज्या मुलाने शेजारच्या मुन्शीजींच्या रूपाने एक सज्जन मुसलमान जवळून पाहिला, त्याला हा धर्म परका का वाटावा?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. पुस्तक दुसऱ्या वर्षी, १८९१ मध्ये, यशवंताने प्रसिद्ध केले. सहा वर्षांनी पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंताने शहराबाहेर माळावर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांची सेवा करू लागल्या. एका आजारी मुलाला आणताना त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंत मागे राहिला, रोगी तपासत.